विंचवाचा मंत्र

(मनाच्या विश्वासाने दुखणे हलके होते, हा अनुभव पुष्कळांना असतो. परंतु दुखणे हलके होणे आणि रोग बरा होणे ह्या दोन गोष्टी एकच आहेत काय? आपल्या शेतशिवारातील एका नेहमीच्या प्रसंगाच्या आधारे ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.)

आश्विन महिना लागला की वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी सुरू होते. रिसोड असो, मालेगाव असो की मानोरा असो. भल्या पहाटेपासून माणसे शेतात वाकलेली दिसतात. कापलेल्या सोयाबीनच्या सुड्या रचल्या जातात आणि मळणीयंत्र येईपर्यंत त्या शेतातच उभ्या राहतात. ह्या सुड्यांच्या तळाशी, धुऱ्यावरच्या दगडांखाली, घराच्या भिंतींतील भेगांत एक लहानसा जीव दडून बसलेला असतो. तो आपण होऊन कोणाच्या वाटेस जात नाही. परंतु नकळत त्याच्यावर हात किंवा पाय पडला, की त्याची नांगी वर उठते आणि क्षणार्धात माणूस कळवळून ओरडतो. हा जीव म्हणजे विंचू होय.

विंचू आपल्या भाषेला पूर्वापार परिचित आहे. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण तुम्ही ऐकलीच असेल. विंचवाची मादी आपल्या नवजात पिलांना खरोखरच पाठीवर घेऊन हिंडते. संत एकनाथांनी तर आपल्या एका भारुडात काम-क्रोधांनाच विंचवाची उपमा दिली आहे. कारण विंचवाची वेदना कशी असते, हे श्रोत्यांस समजावून सांगण्याची त्यांना गरजच नव्हती.

ह्या वेदनेवर गावोगाव एक उपाय चालत आला आहे. विंचू चावला की घरची माणसे त्या मनुष्यास मांत्रिकाकडे नेतात. मांत्रिक पुष्कळदा गावातलाच एखादा वृद्ध व भला माणूस असतो. तो रोग्याला समोर बसवतो, कोठपर्यंत कळ चढली आहे ते विचारतो, ओठांतल्या ओठांत मंत्र पुटपुटतो आणि हाताने किंवा निंबाच्या डहाळीने वरून खाली उतारा करतो. मधूनमधून तो विचारतो, “आता कुठपर्यंत आलं?” रोगी म्हणतो, “गुडघ्यापर्यंत.” थोड्या वेळाने म्हणतो, “घोट्यापर्यंत.” तास-दोन तासांनी कळ ओसरते. विंचू ‘उतरला’ असे म्हणून सर्वजण समाधानाने घरी परततात.

मुलांनो, हे सर्व खोटे आहे, असे एका वाक्यात म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते योग्य होणार नाही. त्या रोग्याची कळ खरोखरच कमी झालेली असते. तो ढोंग करीत नसतो. मग मंत्राने विंचू उतरला असे म्हणावे काय? घाई न करता ह्या प्रश्नाचा विचार करू या.

पहिली गोष्ट अशी, की विंचवाचा दंश पुष्कळ वेळा आपोआपच बरा होतो. विंचवाच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी बहुतेकांच्या दंशाने भयंकर आग होते, पण विष अंगात फारसे भिनत नाही, आणि काही तासांत वेदना आपण होऊन ओसरते. अशा वेळी मंत्र म्हटला तरी ती ओसरणार आणि न म्हटला तरी ओसरणार. कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो. म्हणून काही कोंबड्याने सूर्य उगवला असे होत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या स्मरणाची आहे. ज्यांचा विंचू उतरला ते आपली हकीकत चावडीवर, पारावर, लग्नकार्यात दहा जणांना सांगतात. ज्यांचा उतरला नाही, त्यांच्याविषयी ‘आयुष्याची दोरीच तुटली होती’ असे म्हणून लोक गप्प होतात. यशाचा हिशेब राहतो आणि अपयशाचा राहत नाही. त्यामुळे मंत्राच्या खात्यावर केवळ जमाच दिसते.

तिसरी गोष्ट सर्वांत नवलाची आहे, आणि ती समजून घेण्यासाठी आपणांस थोडा वेळ आपले शिवार सोडून परदेशी जावे लागेल.

अमेरिकेतील एलिशा पर्किन्स नावाच्या एका वैद्याने इ. स. १७९६ मध्ये धातूच्या दोन टोकदार कांड्या काढल्या. दुखऱ्या भागावरून त्या ओढल्या की दुखणे नाहीसे होते, असा त्याचा दावा होता. लवकरच त्या इंग्लंडातही भारी किमतीला खपू लागल्या. बाथ ह्या शहरातील जॉन हेगार्थ नावाच्या डॉक्टरांनी १७९९ मध्ये त्यांची परीक्षा घेण्याचे ठरविले. त्यांनी लाकडाच्या तशाच कांड्या करून त्यांना धातूसारखा रंग दिला आणि पाच रोग्यांवर त्यांचा प्रयोग केला. पाचांपैकी चौघांनी आपणांस आराम वाटला असे सांगितले! दुसऱ्या दिवशी धातूच्या खऱ्या कांड्या वापरल्या, तेव्हाही साधारण तोच परिणाम दिसला. तेव्हा गुण धातूचा नव्हता. तो रोग्यांच्या अपेक्षेचा होता.

ज्यात औषधाचा अंशही नाही, अशा गोळीने किंवा उपचाराने केवळ विश्वासामुळे जो आराम वाटतो, त्यास वैद्यकशास्त्रात ‘प्लासिबो परिणाम’ असे म्हणतात. ‘प्लासिबो’ हा मूळ लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ‘मी संतोषवीन’ असा आहे. आपण त्याला लटके औषध म्हणू या. औषध लटके असले तरी आराम लटका नसतो, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्या मेंदूत वेदना शमविणारी काही द्रव्ये निसर्गतःच तयार होतात. १९७८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाढ काढलेल्या रोग्यांचा ह्या दृष्टीने अभ्यास केला. शरीरातील ह्या वेदनाशामक द्रव्यांचे कार्य रोखणारे औषध दिले, तेव्हा लटक्या औषधाने मिळालेला आरामही नाहीसा झाला. म्हणजे ‘आता मला बरे वाटेल’ ह्या अपेक्षेने शरीरात खरोखरच काहीतरी घडत असते. मांत्रिकाचा शांत आवाज, त्याचा फिरणारा हात आणि भोवती जमलेली आपली माणसे ह्यांमुळे रोग्याची भीती कमी होते, आणि भीती कमी झाली की वेदनेची धारही बोथट होते.

मग मनाच्या ह्या सामर्थ्यावर सर्वच रोग सोपवून का देऊ नयेत? ह्याचे उत्तर बॉस्टन येथील एका अभ्यासात मिळते. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील डॉक्टरांनी दम्याच्या रोग्यांवर चार प्रकार करून पाहिले. एका वेळी खऱ्या औषधाचा फवारा दिला, एका वेळी औषध नसलेला फवारा दिला, एका वेळी सुया टोचल्याचा केवळ आभास केला आणि एका वेळी काहीच न करता बसवून ठेवले. नंतर दोन गोष्टी पाहिल्या : रोग्याला कसे वाटते, आणि यंत्रावर मोजले असता त्याचा श्वास किती सुधारला आहे. खऱ्या फवाऱ्याने आपणांस जवळजवळ १०० पैकी ५० इतके बरे वाटले, असे रोग्यांनी सांगितले. लटक्या फवाऱ्याने ४५ आणि लटक्या सुयांनी ४६. म्हणजे वाटण्यात फारसा फरक नव्हता. परंतु यंत्राने निराळेच सांगितले. खऱ्या औषधाने श्वास सुमारे २० टक्क्यांनी सुधारला. उरलेल्या तिन्ही प्रकारांत तो केवळ सुमारे ७ टक्क्यांनीच सुधारला. बरे वाटणे मनाच्या हाती होते; श्वासनलिका मोकळी करणे मनाच्या हाती नव्हते.

हा भेद नीट लक्षात घ्या, कारण विंचवाच्या बाबतीत ह्याच भेदावर प्राण अवलंबून असतो.

महाराष्ट्रात आढळणारा तांबडा विंचू हा इतर विंचवांसारखा नव्हे. त्याचे विष अंगात भिनले म्हणजे शरीरातील मज्जातंतू एकदम खवळतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब भराभर चढतो, हृदयावर असह्य ताण पडतो आणि शेवटी फुप्फुसांत पाणी होऊन रोगी गुदमरतो. ह्यात फसवी गोष्ट अशी, की अशा गंभीर दंशात चावलेल्या जागी फार वेदना नसेलही. उलटी होणे, दरदरून घाम फुटणे, तोंडाला लाळ सुटणे व हातपाय गार पडणे ही त्याची लक्षणे होत. वेदना कमी म्हणून घरची माणसे निश्चिंत होतात, आणि तिकडे विष आपले काम करीत असते. मंत्राने भीती कमी होईल, कळही कमी वाटेल; पण आवळलेल्या रक्तवाहिन्या मंत्राने सैल होत नाहीत.

हे कोडे उलगडण्याच्या कामी आपल्याच महाराष्ट्रातील एका डॉक्टरांनी आयुष्य वेचले. डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांचा जन्म १९५१ मध्ये, वऱ्हाडच्या सीमेला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील देहेड ह्या खेड्यात, एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. नागपूर येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन १९७६ मध्ये ते कोकणात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे विंचूदंशाने धडधाकट माणसे आणि कोवळी मुले डोळ्यांदेखत दगावत. उपाय कोणत्याही पुस्तकात मिळत नव्हता. तेव्हा ते रोग्याच्या उशाशी बसून राहू लागले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची उष्णता ह्यांची नोंद ते तासातासाला ठेवीत. कोणता रोगी वाचतो आणि कोणता हातचा जातो, हे त्या नोंदींवरून हळूहळू स्पष्ट होऊ लागले. त्यांची ही निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे, रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन नावाचे साधे औषध आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून ते विंचूदंशावर गुणकारी ठरते, असे त्यांनी दाखवून दिले. त्याविषयीचा लेख १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी गंभीर दंश झालेल्या १०० रोग्यांपैकी २५ ते ३० दगावत. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण १०० मध्ये एकाच्या आसपास आले.

डॉ. बावस्कर एवढ्यावरच थांबले नाहीत. विंचवाच्या विषावरची प्रतिलस प्राझोसिनच्या जोडीला दिली तर अधिक लाभ होतो काय, हे त्यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्यांच्यासह महाड येथे तपासले. ७० रोग्यांचे, चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे, ३५-३५ चे दोन गट केले. एका गटास केवळ प्राझोसिन दिले. दुसऱ्यास प्राझोसिन व प्रतिलस ही दोन्ही दिली. दहा तासांनी पाहिले, तेव्हा पहिल्या गटातील ८, तर दुसऱ्या गटातील ३२ रोगी पूर्ण बरे झाले होते. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. भारत सरकारने २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना ‘पद्मश्री’ देऊन त्यांचा गौरव केला. मंत्र आणि औषध ह्यांतील खरा फरक येथे दिसतो. मंत्राचा हिशेब कोणी ठेवीत नाही. औषधाला मात्र आपल्या यशापयशाचा हिशेब जगापुढे मांडावा लागतो.

ह्या हिशेबाची दखल कायद्यानेही घेतली आहे. जादूटोणा व अघोरी प्रथा ह्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ मध्ये जो कायदा झाला, त्यान्वये कुत्रा, साप अथवा विंचू चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र किंवा गंडेदोरे करणे हा अपराध ठरतो. कायद्याचा रोख कोणाच्या श्रद्धेवर नाही. हातची निघून जाणारी वेळ वाचावी, हा त्याचा हेतू आहे.

मग मांत्रिकापाशी जे चांगले होते, ते आपण टाकून द्यावयाचे काय? मुळीच नाही. त्याच्यापाशी मंत्रापेक्षाही मोलाची एक वस्तू होती, ती म्हणजे धीर. हा धीर त्याच्या ओट्यावर बसूनच मिळतो असे थोडेच आहे? तो दवाखान्याच्या वाटेवर, गाडीत बसूनही देता येतो. समजा, संध्याकाळी सुडीजवळ खेळताना तुमच्या धाकट्या बहिणीला विंचू चावला. आधी मोठ्या माणसांना हाक मारा. तिला चालवू किंवा पळवू नका. चावलेल्या जागी चिरा देऊ नका, रक्त चोखू नका, दोरीने करकचून आवळू नका. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा. मोठ्या माणसांना १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावू द्या, अथवा मिळेल त्या वाहनाने जवळचे आरोग्य केंद्र किंवा रुग्णालय गाठू द्या. कोणते औषध किती द्यावयाचे, हे डॉक्टरच ठरवतील. आणि तुम्ही? तुम्ही तिचा हात हातात धरून म्हणा, “घाबरू नकोस ताई, आपण दवाखान्यात चाललो आहोत.” हे वाक्य विष उतरवणार नाही, परंतु तिची भीती नक्की उतरवील. औषधाचे काम औषध करील आणि तुमचे काम तुम्ही.

हीच गोष्ट सर्व प्रकारच्या शुश्रूषेस लागू पडते. घरी आजी आजारी असली म्हणजे तिला वेळेवर गोळी देणे जितके महत्त्वाचे, तितकेच तिच्याजवळ घटकाभर बसणे, तिचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकणे महत्त्वाचे. आणि जी आई किंवा काकू रात्रंदिवस तिची सेवा करते, तिचीही कोणीतरी चौकशी केली पाहिजे. सेवा करणारा माणूस थकतो, चिडतो, कधी स्वतःच आजारी पडतो. अशा वेळी पाण्याचा तांब्या भरून ठेवणे, दुपारी तासभर आजीजवळ बसून आईला झोपू देणे, हे तुमच्या वयाच्या मुलांनाही सहज करता येते.

शेवटी, सर्वांत उत्तम उपाय म्हणजे विंचू चावूच न देणे. आणि तो उपाय सवयीच्या हाती आहे. चप्पल किंवा बूट पायात घालण्यापूर्वी झटकावा, अंथरूण झाडून घालावे, रात्री अनवाणी व दिव्यावाचून बाहेर पडू नये, दगड, लाकडे किंवा सुडी उचलताना आधी काठीने हलवून पाहावी, हे कोणास ठाऊक नाही? ठाऊक सर्वांस असते, पण आयत्या वेळी आठवत नाही. ज्ञान डोक्यात असते आणि सवय हातापायांत असते. लंडनमधील संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला, तेव्हा एखादी नवी गोष्ट आपोआप घडू लागण्यास साधारणपणे ६६ दिवस लागतात, असे आढळले. काहींना १८ दिवस पुरले, तर काहींना त्याहून पुष्कळच अधिक लागतील असे दिसले. एखाद्या दिवशी खंड पडला तरी सवय मोडत नाही, हेही त्यांना दिसून आले. म्हणून नवी सवय रोजच्या एखाद्या जुन्या कामाला बांधून टाकावी. शाळेत निघताना दप्तर खांद्याला लावले की बूट झटकायचा. रोज, न चुकता. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत एवढे केलेत, तर पुढे बूट झटकण्याची कोणी आठवण करून द्यावी लागणार नाही.

मनाचे बळ मोठे आहे. त्याला कमी लेखू नये. पण त्याला त्याच्या अधिकाराबाहेरचे कामही सांगू नये. धीर मनाने द्यावा, विष औषधाने उतरवावे, आणि विंचवाला सवयीने दूर ठेवावे.

शब्दार्थ

सोंगणी – पिकाची कापणी
सुडी – कापलेल्या पिकाचा रचलेला ढीग
धुरा – दोन शेतांमधील बांध
उतारा करणे – पीडा जावी म्हणून अंगावरून हात किंवा वस्तू फिरविणे
प्रतिलस – विषाचा प्रभाव नाहीसा करणारे औषध
शुश्रूषा – आजारी माणसाची सेवा
बोथट – धार नसलेले

स्वाध्याय

१. मंत्राने विंचू उतरतो असे लोकांना का वाटते? पाठात दिलेली तीन कारणे आपल्या शब्दांत लिहा.
२. डॉ. हेगार्थ ह्यांनी लाकडाच्या कांड्या कशासाठी तयार केल्या?
३. ‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ ह्यांतील फरक दम्याच्या रोग्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.
४. तांबड्या विंचवाच्या गंभीर दंशाची लक्षणे कोणती? त्यांतील फसवी गोष्ट कोणती?
५. ‘मंत्राचा हिशेब कोणी ठेवीत नाही, औषधाला मात्र आपल्या यशापयशाचा हिशेब जगापुढे मांडावा लागतो.’ ह्या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन सांगा.
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : वाटेस जाणे, आयुष्य वेचणे, दखल घेणे, हातचा जाणे.
७. समास ओळखून विग्रह करा : काम-क्रोध, यशापयश, रात्रंदिवस, शेतशिवार.
८. उपक्रम : आरोग्याची एक चांगली सवय निवडा. ती रोजच्या कोणत्या कामाला जोडाल ते ठरवा आणि दोन महिने वहीत तिची नोंद ठेवा. खंड पडलेले दिवसही प्रामाणिकपणे लिहा.